बी न धरणारं वेखंड

बाळगुटीच्या डबीत मुरडशेंग, हिरडा, जायफळ, हळकुंड यांच्या सोबतीला एक तपकिरी, पेरापेरांचा तुकडा असतो. वास असा उग्र की डबी उघडली की आधी तोच नाकाला भिडतो. न्हाणं झाल्यावर बाळाच्या टाळूला वेखंडाची पूड, कपड्यांच्या ट्रंकेत वेखंडाची पुरचुंडी. मराठी घरात हा वास न ओळखणारं माणूस विरळा. पण हिरवंगार, उभं वेखंड पाहिलेली माणसं मला फार थोडी भेटली. मी स्वतः ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा पाणथळ बांधावरचं गवत समजून ओलांडून गेले होते. पान चुरगळलं आणि एकदम आजीची ट्रंक उघडली.

तलवारीसारखी उभी पानं, मधोमध ठसठशीत शीर, आणि चिखलात आडवं सरपटणारं अंगठ्याएवढं जाड कांड. संस्कृतात त्याला उग्रगंधा म्हणतात ते वासावरून, षड्ग्रंथा म्हणतात ते पेरांवरून. फूल म्हणजे बोटभर लांबीचं हिरवट कणीस, पानाच्याच कडेतून फुटल्यासारखं दिसणारं. या कणसामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला बराच काळ अळू-सुरणाच्या कुळात बसवलं होतं. आता त्याचं कुळ स्वतंत्र आहे. जनुकांच्या अभ्यासातून तर असं दिसलं की गवत, ताड, केळ, कांदा या सगळ्या एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षावर सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी वेखंडाची आहे.

एवढ्या जुन्या घराण्याच्या या झाडाला बी मात्र सहसा धरत नाही. पुष्कळशा वेखंडाच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बीज तयार होत नाही. युरोपातलं वेखंड याच जातीचं. कॉन्स्टॅन्टिनोपलहून आलेलं कांड कॅरोलस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५७४ मध्ये व्हिएन्नात लावलं. पोलंडमध्ये वेखंडाला आजही ‘तातारक’ म्हणतात, म्हणजे तातारांनी आणलेलं. बी नसलेलं झाड एवढा प्रवास करतं तो माणसाच्या हातून नाहीतर वाहत्या पाण्यातून. आपल्याकडेही लागवड होते ती कांडानेच, आणि म्हणून कुंडीतलं प्रत्येक वेखंड कुणाच्या तरी वेखंडाचा तोडलेला तुकडा असतो.

काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेला तुकडा मातीत खुपसून महिनाभर वाट पाहणारे बरेच जण असतात, मीही पाहिली आहे. तो वाळलेला असतो, फुटत नाही. डोळा असलेलं ओलं कांडच हवं. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या कोरटगेरे तालुक्यात वेखंड शेतात घेतात. पावसाच्या तोंडावर, भातासारखा चिखल करून, साधारण फूटभर अंतरावर कांड्या लावायच्या आणि बोटभर खोलीवर मातीत दाबायच्या. पाणी आधी दोन इंच ठेवायचं, रोपं उभी राहिली की चार इंचांपर्यंत वाढवायचं. म्हणजे भातखाचराला जे जमतं ते वेखंडाला जमतं, आणि ज्या सखल कोपऱ्यात पाणी हटत नाही म्हणून आपण हळहळतो तीच त्याची जागा.

घरी बिनभोकाचा टब किंवा जुनं घमेलं पुरतं. तळाला गाळाची माती आणि मुरलेलं शेणखत, त्यावर कांड आडवं, डोळे वर. खोल पुरलं तर कुजतं. ऊन भरपूर द्यावं, मात्र माती वाळू देऊ नये. पानांची टोकं करपली की पाणी कमी पडतंय असं समजावं. साचलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून गच्चीवर मी पाणी उभं ठेवत नाही, माती लोण्यासारखी ओली ठेवते. तेवढ्यावरही ते भागवतं. पानं पिवळी पडून वाळू लागली की कांड काढायला आलं. काढताना केसाळ मुळं छाटावीत, बोटभर तुकडे करावेत आणि सावलीत वाळवावेत. साल सोलू नये, तेल तिथेच जास्त असतं.

हे तेलच वेखंडाचा प्राण. त्यातल्या बीटा-अ‍ॅसॅरोन या घटकामुळे किडींची प्रजननशक्तीच खुंटते, हे जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९७०च्या दशकात दाखवलं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या संग्रहातल्या पोथ्यांजवळ मिरी, लवंग, दालचिनी, कापूर यांच्या सोबत वेखंडाच्या पुडीच्या पुरचुंड्या ठेवण्याची रीत आहे. मोडीतली कितीतरी मराठी कागदपत्रं त्या वासाच्या राखणीत राहिली आहेत.

आणि हाच घटक बाळाच्या जिभेवर? वचा हे नावच बोलण्याच्या धातूवरून आलेलं मानतात, म्हणून वाचा लवकर फुटावी यासाठी वेखंड चाटवतात. चरकाने वचा संज्ञास्थापन गणात घेतली आहे, पण वैद्य ती गोमूत्रादिकांत शोधन करून वापरतात आणि मात्रा वाढली की उलटी होते हेही जाणतात. जम्मूच्या वेखंडाचं तेल खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्याचं १९६७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९६८ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. बीटा-अ‍ॅसॅरोनचं प्रमाणही सगळीकडे सारखं नसतं. अमेरिकेतल्या दोन संचांच्या वेखंडात ते जवळजवळ नसतंच, आशियातल्या चार संचांच्या वेखंडात खूप असतं. सहाणेवर किती वळसे घेतले यावरून त्याचा अंदाज येत नाही. आपल्या आज्यांनी प्रेमानेच चाटवलं, हे मला ठाऊक आहे. तरीही तान्ह्याच्या पोटात ते जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रंकेत, धान्याच्या कणगीत, पुस्तकांच्या कपाटात ते खुशाल असावं.

दोन-तीन वर्षांत टब कांडांनी गच्च भरतो, पानं बारीक होऊ लागतात. मग वळवाचा पहिला पाऊस पडला की मी सगळं उपसून काढते, निम्मं परत लावते आणि उरलेलं मागायला येणाऱ्यांना वाटते. नेताना ओल्या फडक्यात गुंडाळून न्या, आणि त्याच दिवशी लावा.