मालडोंगरी : माणसाच्या श्रमातून जन्मलेले निर्मनुष्य बेट

बेट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र उभा राहतो. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या आपल्या गोंदिया जिल्ह्यातही एक लहानसे निर्मनुष्य बेट आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधच्या जलाशयातील हे बेट मालडोंगरी म्हणून ओळखले जाते. शालेय सहलीत पाळीवर उभे राहून अनेकांनी ते दुरून पाहिले असेल. त्याच्या जन्माची कथा मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

या नावात ‘बेट’ हा शब्दच नाही. डोंगरी म्हणजे लहानशी टेकडी. मालडोंगरी मुळात टेकडीच होती. भोवती पाणी साठले आणि तिचे बेट झाले. हे पाणी निसर्गाने आपणहून साठवलेले नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील खिंडीत मातीची पाळ घालून ओढ्यांचे पाणी अडविले, अशी परंपरा आहे. त्यातून सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय निर्माण झाला. सभोवतालच्या सात शिखरांना लोक ‘सातबहिणी’ म्हणतात. बांध उभारताना या देवतांनी साह्य केले, अशी श्रद्धा आहे. कोलू पाटील पुढे ‘कोलासूर’ या नावाने पूजिले जाऊ लागले. तळे बांधणाऱ्या माणसाला देवत्व देणाऱ्या या प्रदेशाला पाण्याचे मोल किती कळले होते, हे यावरून दिसते.

हे काम एकट्या कोलूचे नव्हते. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने भंडारा-गोंदिया-चंद्रपूर पट्ट्यात असंख्य तलाव खोदले. डोंगरउतारावरचे पाणी पाळीने अडवायचे, तुडुमातून ते हवे तेवढे सोडायचे आणि खालच्या बांध्यांत धान व ऊस पिकवायचा, अशी ही व्यवस्था होती. पुढे यांतील बरेच तलाव मालगुजारांकडे गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा तलाव’ झाले. पाण्यावर शेतकऱ्याइतकाच ढिवर समाजही जगत आला आहे.

माणसांची वस्ती नाही म्हणून बेट ओसाड ठरत नाही. भोवतीचे पाणी हाच पक्ष्यांचा तट असतो. जमिनीवरचे शिकारी प्राणी तेथे सहज पोहोचत नाहीत. हिवाळ्यात हिमालय ओलांडून या जलाशयावर पट्टकदंब येतात. तिबेट व मध्य आशियातील सरोवरांतही हे पक्षी घरट्यांसाठी बेटांचाच आश्रय घेतात. १९७५ साली या परिसरातील अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. वनाधिकारी म्हणून येथे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ या ग्रंथातून हा प्रदेश मराठी वाचकांपर्यंत पोहोचविला.

मात्र जे माणसाने घडविले, ते माणसाच्या दुर्लक्षाने नष्टही होऊ शकते. प्रत्येक पावसाळ्यात डोंगरउतारावरची माती वाहून तलावात येते. उतारावरचे रान विरळ झाले की हा गाळ वाढतो, तळ उथळ होतो आणि उन्हाळ्यात पाण्याची कड लवकर मागे सरकते. बेट व काठ यांच्यामधले पाणी आटले, तर मालडोंगरी पुन्हा नुसती डोंगरी होईल आणि पक्ष्यांचा तट ढासळेल. त्याच पाण्यावर अवलंबून असलेल्या धानाच्या बांध्याही तहानेल्या राहतील. म्हणून बेट वाचविणे याचा अर्थ बेटावर काही उभारणे असा नाही. पाळ शाबूत ठेवणे, गाळ वेळीच काढणे आणि उतारावरचे रान राखणे हेच त्याचे खरे रक्षण होय.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन नवेगावबांधला जाल, तेव्हा बेटाकडे पाहताना क्षणभर पायाखालच्या पाळीकडेही पाहावे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी हातांनी रचलेल्या त्या मातीवरच मालडोंगरीचे बेटपण टिकून आहे.