तक्रारीचे उत्तर : कारखान्यापासून ग्राहकाच्या हातापर्यंत

ग्राहक संरक्षण कायद्याचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांचे लक्ष प्रामुख्याने आयोगांची रचना, त्यांची अधिकारमर्यादा आणि नुकसानभरपाई याकडे असते. तथापि, तक्रारीचा पहिला टप्पा आयोग नसतो. तो दुकानदार किंवा उत्पादक असतो. या टप्प्यावर मिळणारे उत्तर कसे असावे आणि कसे नसावे, या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात पाहावयाच्या असतील, तर महाराष्ट्रातील २००३ सालचे कॅडबरी प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे.

ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळी तोंडावर आली असताना, मुंबईतील काही ग्राहकांना कॅडबरी डेअरी मिल्क या चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्या. त्यांच्या तक्रारींवरून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीच्या पुणे येथील कारखान्यात तयार झालेला साठा जप्त केला. कंपनीचे पहिले उत्तर असे होते की, उत्पादनाच्या टप्प्यावर अशी कीड लागणे शक्य नाही; किरकोळ दुकानांतील सदोष साठवण हेच त्याचे संभाव्य कारण आहे. प्रशासनाने यावर प्रतिवाद केला. कीड साठवणुकीच्या वेळी शिरली असे गृहीत धरले, तरी वेष्टन हवाबंद का नव्हते?

तांत्रिकदृष्ट्या कंपनीचे म्हणणे अगदीच निराधार म्हणता येणार नाही. चॉकलेटनिर्मितीत कोकोच्या बिया उच्च तापमानाला भाजल्या जातात, दळल्या जातात आणि ते मिश्रण दीर्घकाळ घुसळले जाते. त्यातून कीटकाची अंडी वाचणे कठीण असते. याउलट, धान्य, सुकामेवा व चॉकलेट यांवर वाढणारे साठवणुकीतील पतंग आपल्या किराणा दुकानांत सर्रास आढळतात. मादी पतंग खाद्यपदार्थाच्या आसपास अंडी घालते आणि नुकतीच बाहेर पडलेली अळी वेष्टनाच्या घडीतील बारीक फटीतूनही आत शिरू शकते. त्या काळी डेअरी मिल्कचे वेष्टन म्हणजे आत पातळ वर्खी कागद व बाहेर छापील कागदी आवरण असे असे. दोन्ही केवळ दुमडलेले, सीलबंद नव्हे.

म्हणजे कंपनीचे उत्तर कदाचित खरे असेलही, परंतु ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. कीड नेमकी कोठे लागली, ही ग्राहकाची तक्रार नव्हती. वस्तू सुरक्षित स्थितीत हाती पडली नाही, ही त्याची तक्रार होती. आपला माल गोदामे, मालमोटारी, लहान-मोठी दुकाने असा प्रवास करणार, तांदळाच्या पोत्याशेजारीही ठेवला जाणार आणि उन्हाळ्यात तापणार, हे भारतात अनेक दशके व्यवसाय करणाऱ्या कंपनीला ठाऊकच असणार. दुकानदाराला दोष देण्याने कंपनीची बाजू बळकट झाली नाही. उलट वाद अधिकच चिघळला. तत्कालीन वृत्तांनुसार, एरवी सणासुदीला वाढणारी विक्री त्या हंगामात सुमारे ३० टक्क्यांनी घटली.

भूमिकेतील बदल

यानंतर कंपनीने आपला पवित्रा बदलला. त्याच महिन्यात ‘प्रोजेक्ट विश्वास’ नावाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्याअंतर्गत प्रमुख राज्यांतील सुमारे १ लाख ९० हजार किरकोळ विक्रेत्यांपर्यंत पोहोचून साठवणुकीची पाहणी करणे व त्यांना मार्गदर्शन करणे अपेक्षित होते. ज्या दुकानदारांवर प्रारंभी दोषारोप झाला, त्यांनाच आता गुणवत्ता साखळीचा घटक मानण्यात आले.

जानेवारी २००४ मध्ये नवे वेष्टन बाजारात आले. चॉकलेटभोवती सीलबंद ॲल्युमिनियमचा वर्ख आणि त्यावर सर्व बाजूंनी बंद असे प्लास्टिकचे आवरण, असे त्याचे स्वरूप होते. त्यासाठी परदेशातून यंत्रसामग्री आणावी लागली आणि वेष्टनाचा खर्च १० ते १५ टक्क्यांनी वाढला. परंतु चॉकलेटची किंमत वाढविण्यात आली नाही. तक्रारीच्या निवारणाचा भार ग्राहकावर पडला नाही, ही बाब येथे आवर्जून लक्षात घ्यावी.

त्याच सुमारास अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती सुरू झाल्या आणि पुढील काही आठवड्यांत विक्री सावरली. व्यवस्थापनाच्या वर्गांत या यशाचे श्रेय बहुधा जाहिरातीला दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा आहे. वेष्टन बदलले नसते, तर पुढच्या पावसाळ्यात एखादी अळी पुन्हा निघाली असती आणि कितीही लोकप्रिय अभिनेत्याचा शब्द तिच्यापुढे टिकला नसता.

अमेरिकेत १९८२ मध्ये असाच प्रश्न, मात्र कितीतरी गंभीर स्वरूपात, उभा राहिला होता. शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कुप्यांत कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जणांचा मृत्यू झाला. विष कारखान्यात नव्हे, तर दुकानांतील कुप्यांत मिसळले गेले असावे, असे तपासात दिसून आले. तरीही जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख कुप्या परत मागविल्या आणि छेडछाड झाल्यास लगेच ध्यानात येईल अशा तिहेरी सुरक्षेच्या वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आणले. तेथे दुकानदारावर बोट दाखविण्याचा टप्पाच आला नाही.

कायद्याची चौकट

२००३ मध्ये अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ आणि ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ लागू होते. या दोन्ही कायद्यांची जागा आता नव्या कायद्यांनी घेतली आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ मध्ये उत्पादक, वितरक व विक्रेता यांची दायित्वे स्वतंत्रपणे सांगितली आहेत. उत्पादकाच्या सुरक्षाविषयक सूचना डावलून माल साठविणारा वितरक त्यामुळे जबाबदार ठरतो. कलम २८ मध्ये असुरक्षित अन्नपदार्थ बाजारातून परत घेण्याची तरतूद आहे. आपण पुरविलेला पदार्थ कायद्यानुसार नाही असे वाटण्याजोगे कारण असेल, तर अन्न व्यावसायिकाने स्वतःच ही प्रक्रिया सुरू करावयाची असते. २० जुलै २०२० पासून अंमलात येऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आणले असून, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत घेण्याचा आदेश देता येतो. ई-व्यापार नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण करणे बंधनकारक आहे.

परीक्षार्थींनी आणखी एक बदल ध्यानात ठेवावा. १९८६ च्या कायद्यानुसार विरुद्ध पक्ष जेथे व्यवसाय करतो किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले, तेथेच दाद मागावी लागे. नव्या कायद्यात ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाचा पर्यायही खुला झाला आहे. छत्तीसगडमधील नवा रायपुर येथे राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाने मुंबईच्या प्रवासात सदोष वस्तू खरेदी केली, तर त्याला मुंबईला खेपा घालण्याची गरज नाही. रायपुर जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्कही नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.