चढाओढीसाठीं रचलेलें संगीत आणि त्याचा मूळ पाठ

जुन्या पोथ्या जमविणाऱ्या व त्यांवर काम करणाऱ्या मंडळींस एका प्रश्नाची संवय असते : हातीं आलेली प्रत मूळ ग्रंथकाराच्या शब्दाशीं कितपत इमान राखून आहे ? हा प्रश्न आपण काव्य, बखर, दानपत्र यांबद्दल नेहमीं विचारतों. संगीताबद्दल क्वचित्, कारण आपल्याकडील संगीत बहुतांशीं गुरुमुखानें चालत आलें. युरोपांत तें कागदावर उतरविण्याची रीत असल्यामुळें तेथें पाठभेदाचा सर्व संसार संगीतासही लागू होतो. त्यांतल्या त्यांत, ज्या संगीताकडे विद्वानांचें लक्ष फारसें गेलें नाहीं असा एक वर्ग, म्हणजे इंग्लंडांतील पितळी वाद्यांच्या बँडांच्या चढाओढीसाठीं मुद्दाम रचलेल्या चिजा, प्रस्तुत लेखांत आम्हीं विचारास घेतला आहे. विषय परदेशीय आहे. परंतु त्यांतील गांठ आमच्या वाचकांच्या चांगल्याच ओळखीची आहे.

प्रथम या बँडांविषयीं. इ. स. १८०० नंतरच्या पहिल्या कांहीं दशकांत पितळी वाद्यांस झडपा, म्हणजे बोटांनीं दाबावयाच्या कळा, बसविण्याची युक्ति निघाली, आणि पूर्वीं ज्या शिंगांतून मोजकेच स्वर निघत त्यांतून सप्तकांतील सर्व स्वर काढतां येऊं लागले. पुढें आदोल्फ साक्स यानें एकाच घडणीचीं, लहानापासून मोठ्यापर्यंत वाद्यांचें एक कुटुंबच तयार केलें. गिरण्यांत व खाणींत काम करून राठ झालेल्या बोटांस सारंगीपेक्षां हीं तीन कळांचीं वाद्यें अधिक मानवलीं. लँकेशायर व यॉर्कशायर या परगण्यांत गांवोगांव गिरणीमजुरांचे बँड उभे राहिले. कांहींस गिरणीमालकांचा आश्रय होता. क्वीन्सबरी येथील ब्लॅक डाइक गिरणीचा प्रख्यात बँड १८५५ सालचा आहे. मँचेस्टर येथील बेल व्ह्यू नांवाच्या बागेंत १८५३ सालीं चढाओढ सुरू झाली व पहिलें बक्षीस मॉसली गांवच्या मद्यपाननिषेधक मंडळीच्या बँडास मिळालें. १८६० सालीं हल येथील एंडर्बी जॅक्सन या खटपटी गृहस्थानें लंडन येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मोठी चढाओढ भरविली. आणि १९०० सालीं जॉन हेन्री आइल्स यानें त्याच जागीं राष्ट्रीय चढाओढ सुरू केली. १९३६ सालीं क्रिस्टल पॅलेस जळून खाक होईपर्यंत ती तेथेंच भरत असे.

या चढाओढीचे नियम समजल्यावांचून तिच्यासाठीं रचलेलें संगीत समजणार नाहीं. सर्व बँडांस एकच चीज नेमून दिलेली असे. तिला आपण ‘कसोटीची चीज’ म्हणूं. ती कांहीं आठवडे आधीं छापून सर्वांकडे जाई. वाजविण्याचा अनुक्रम चिठ्ठ्या टाकून ठरे. परीक्षक कनाती लावलेल्या बंद जागेंत बसत. कोणता बँड वाजवीत आहे हें त्यांस दिसूं नये, हा हेतु. त्यांच्या पुढ्यांत छापील स्वरलेख असे व दिवसभर तीच चीज पुन्हा पुन्हा ऐकून ते प्रत्येक वेळीं टांचण करीत. म्हणजे काय झालें ? छापील स्वरलेख हाच प्रमाणग्रंथ ठरला. त्यांत जें आहे तें बिनचूक वाजविणारा श्रेष्ठ, व त्यांतील एखादा स्वर मुळांतच चुकीचा असेल तरीही तो तसाच वाजविणें इष्ट ! वैदिकांच्या संहितापठणाखेरीज पाठाचा इतका धाक आम्हांस दुसरीकडे आढळला नाहीं.

बँडाची रचनाही ठरीव होती. वादक साधारणतः २५. त्यांत लहानमोठीं कॉर्नेटें १०, फ्लूगलहॉर्न १, टेनर हॉर्न ३, बॅरिटोन २, युफोनियम २, ट्रॉम्बोन ३ व खर्जाचे बास ४. ढोल-ताशे त्या काळच्या चढाओढींत चालत नसत. विशेष हा कीं, एक खर्जाचा ट्रॉम्बोन सोडला तर सर्वांचे स्वरलेख एकाच खुणेखालीं, म्हणजे उंच स्वरांच्या कुंजीखालीं, लिहिलेले असतात. त्यामुळें कॉर्नेट वाजविणारा मजूर उद्यां बासवर बसला तरी त्यास नवी लिपि शिकावी लागत नाहीं. सोय मोठी; पण लिहिलेला स्वर व कानीं येणारा स्वर यांत प्रत्येक वाद्यागणिक निराळें अंतर पडतें, आणि ज्या रचनाकारास या मांडणीचा सराव नाहीं त्याला तज्ज्ञाची मदत घेण्याचा मोह होतो. पुढील हकीकतीचें मूळ येथें आहे.

आरंभीं या चढाओढींसाठीं स्वतंत्र रचना क्वचितच होत. बेल व्ह्यू येथें १८५५ सालीं मेलिंग याची ‘ओरिंथिया’ नेमली होती, हा अपवाद. एरवीं इटालियन संगीत-नाटकांतील पदें एकत्र गुंफून केलेल्या माळांवर काम भागे. या माळांनीं गिरणीकामगारांस व्हेर्दी व रॉसिनी यांची ओळख करून दिली, हें त्यांचें मोठें पुण्य. पण त्या परक्या वस्त्रांच्या गोधड्या होत. राष्ट्रीय चढाओढीसाठीं पहिली स्वतंत्र चीज १९१३ सालीं लागली. ती पर्सी फ्लेचर याची ‘लेबर अँड लव्ह’. जुलमानें राबणारा मजूर अखेरीस प्रेमासाठीं राबूं लागतो असें तिचें कथासूत्र आहे. बांधणी जुन्या माळांच्याच वळणाची; कथनासारखे एकट्या वाद्याचे तुकडे तींत आहेत. तें साल बेकप गांवच्या आयर्वेल स्प्रिंग्ज बँडानें जिंकलें. महायुद्धामुळें पडलेल्या खंडानंतर सिरिल जेंकिन्स, ह्यूबर्ट बाथ, डेनिस राइट यांच्या चिजा आल्या. मग १९२८ सालीं गुस्ताव्ह होल्स्ट यानें ‘ए मूरसाइड सूट’ लिहिली, आणि बँडाच्या जगाबाहेरही ज्याचें नांव आहे अशा रचनाकाराची लेखणी या कामास लागली. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलेला मनुष्य. त्याला पितळेची नस ठाऊक होती. त्याच्या तीन भागांतील मधला संथ भाग आमच्या मतें या सर्व वाङ्मयांतील उत्तम तुकडा आहे, कारण त्यांत परीक्षा घेतल्याचें जाणवत नाहीं.

परीक्षा घेणें हाच अशा रचनेचा धर्म. म्हणून कॉर्नेटास, युफोनियमास, ट्रॉम्बोनास एकेकटें उघडें पाडणारे तुकडे हवेत. श्वासाची परीक्षा पाहणारे संथ आलाप हवेत. जिभेची चपळाई दाखविणारे द्रुत भाग हवेत. शंभर दोष काढण्याची सोय ज्या रचनेंत नाहीं ती चढाओढीच्या कामाची नव्हे. इतकें करूनही तींत रस टिकला तर रचनाकार खरा.

दोनच वर्षांनीं, १९३० सालीं, सर एडवर्ड एल्गार यानें ‘सेव्हर्न सूट’ दिली. एल्गार त्या वेळीं ७३ वर्षांचा होता. १९२० सालीं पत्नी निवर्तल्यापासून त्याच्या हातून मोठें काम फारसें झालें नव्हतें. वूस्टर शहरांत वाद्यांचें दुकान चालविणाऱ्या बापाचा हा मुलगा. सेव्हर्न नदी त्याच्या बाळपणीची. चीज त्यानें जॉर्ज बर्नार्ड शॉ यास अर्पण केली. शॉ चढाओढीस जातीनें हजर राहिला व तीच रचना अनेकदां ऐकून त्यानें एल्गारास पत्र लिहिलें. बक्षीस फोडेन्स बँडास मिळालें. वाफेच्या मालमोटारी करणाऱ्या कारखान्याचा हा बँड.

या रचनेच्या पोटांत जुनें धन आहे. तींतील फ्यूग, म्हणजे एकच सूत्र एकामागून एक निरनिराळ्या आवाजांनीं उचलावयाचा प्रकार, एल्गारानें १९२३ सालीं पियानोसाठीं लिहिलेल्या तुकड्यावरून घेतला. आणि मिन्यूएट हा भाग त्याच्या विशीबाविशींतील, मित्रांच्या मेळ्यासाठीं लिहिलेल्या फुंकवाद्यांच्या संगीतांतून आला. पन्नास वर्षांपूर्वींचे कागद जपून ठेवल्याचा हा उपयोग ! आमच्या संग्राहक मित्रांस हें वाचून समाधान वाटेल.

आतां पाठाचा प्रश्न. १९३० सालीं छापलेला स्वरलेख बँडाच्या वाद्यांवर बसविला तो हेन्री गील यानें. गील हा बँडांसाठीं पुष्कळ लिहिलेला, सरावाचा माणूस. १९२३ व १९२४ सालच्या कसोटीच्या चिजा त्याच्याच. एल्गारानें आपणांस केवळ त्रोटक आराखडा दिला व वाद्ययोजना आपण केली, असें तो पुढें सांगत असे. उभयतांचें या कामांत पटलें नाहीं, हेंही त्याच्याच सांगण्यावरून समजतें. बरींच वर्षें हेंच ग्राह्य धरलें गेलें, आणि बड्या रचनाकारास बँडासाठीं लिहितां येत नाहीं या समजुतीस त्यानें बळकटी आली. नंतर इ. स. १९९० ते २००० या दशकांत एल्गारच्या स्वतःच्या हातचा, बँडासाठीं लिहिलेला संपूर्ण स्वरलेख उजेडांत आला, व त्यावरून ब्रॅम गे यानें नवी आवृत्ति सिद्ध केली. म्हणजे ‘आराखडा’ ही गीलची साक्ष पूर्ण सत्य नव्हती, निदान ती सगळी हकीकत नव्हती. एका कागदानें साठ वर्षांची समजूत फिरविली.

येथें घाईनें ‘स्वहस्तलिखित तें खरें, छापील तें खोटें’ असा निकाल देण्याचा मोह अनेकांस होईल. आम्हांस तो मान्य नाहीं. एल्गारानें १९३२ सालीं हीच रचना स्वतः मोठ्या वाद्यवृंदासाठीं लिहून काढली. वूस्टरचा किल्ला, कॅथीड्रल वगैरे स्थळनामें तिच्या भागांस पुढें जोडलेलीं आढळतात. शिवाय वूस्टरचा ऑर्गनवादक आयव्हर ॲटकिन्स यानें तिच्यावरून ऑर्गनची रचना बनविली. तेव्हां साक्षीदार एक नव्हे, मुख्यतः तीन : ग्रंथकाराच्या हातची प्रत, १९३० सालची छापील प्रत, व १९३२ सालचा वाद्यवृंदपाठ. ऑर्गनचा पाठ दुसऱ्या हातचा म्हणून तो दुय्यम समजावा.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम करितांना डॉ. सुकथनकर यांनीं जो नियम मुख्य मानला, कीं परस्परांशीं संबंध नसलेल्या शाखा जेथें एकमुखानें बोलतात तेथें मूळ पाठ असण्याचा संभव अधिक, तो येथेंही उपयोगीं पडतो. जेथें स्वहस्तलिखित व वाद्यवृंदपाठ एक बोलतात आणि छापील प्रत वेगळें बोलते, तेथें छापील पाठ गीलचा समजावा. उलट, जेथें छापील प्रत व वाद्यवृंदपाठ एक बोलतात आणि हस्तलिखित वेगळें, तेथें सावध राहावें : ग्रंथकारानें दुसऱ्याची सुधारणा मागाहून पत्करली असेल, किंवा छापील प्रत समोर ठेवून लिहितांना ती नकळत उतरली असेल. या दोन शाखा परस्परांपासून स्वतंत्र नाहींत, हें येथें विसरून चालणार नाहीं. आणि जेथें तिन्ही निरनिराळें बोलतात तेथें संपादकानें तिन्ही पाठ तळटीपेंत द्यावे व गप्प बसावें.

याशिवाय एक गोष्ट संगीतास विशेष लागू आहे. छापील पाठ दुसऱ्याच्या हातचा असला तरी १९३० सालच्या त्या दिवशीं क्रिस्टल पॅलेसमध्यें वाजला तो तोच. गिरणीकामगारांनीं रात्रीं रात्रीं घोकला तो तोच. परीक्षकांनीं गुण दिले ते त्यावरच. नाटकाच्या अभ्यासकांस लेखकाची प्रत व प्रयोगाची प्रत यांतील भेद ठाऊक असतो. पहिली सांपडली म्हणून दुसरी जाळण्याचें कारण नाहीं. गीलच्या पाठाचें स्थान इतिहासांत कायम आहे, मात्र तो एल्गारचा अविकृत शब्द म्हणून यापुढें उद्धृत करूं नये.

आमच्या वाचकांपैकीं कोणास अशा कागदांचा शोध घ्यावयाचा असल्यास त्यांनीं मोठ्या, शिवलेल्या स्वरलेखांच्या मागें न लागतां वादकांच्या पुढ्यांतील सुटे स्वरलेख पाहावे. कसोटीची चीज एकदां होऊन गेली कीं हे सुटे कागद कपाटांत पडत. गिरण्या बंद पडल्या तशीं पुष्कळ कपाटेंही गेलीं. या कागदांवर पेन्सिलीनें श्वास कोठें घ्यावा, कोठें हळू व्हावें, कोणता छापील स्वर चुकीचा आहे, अशा खुणा असतात. त्या खुणा म्हणजे बँडमास्तराची टीका होय, व मल्लिनाथाच्या टीकेइतकीच ती वाचनीय असते. खोडलेला स्वर, त्यावर लिहिलेला दुसरा स्वर व त्याखालीं तारीख असल्यास तो कागद कधींही टाकूं नये. आपल्याकडेही असे कागद अगदींच नाहींत असें नव्हे : तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या दरबारीं पाश्चात्य वाद्यांचा बँड होता, आणि सरस्वती महाल ग्रंथालयांत संस्कृत-मराठी पोथ्यांच्या शेजारीं युरोपीय स्वरलिपींतील कागदही जपलेले आहेत. त्यांतील सुट्या पानांवरील हस्ताक्षरें कोणाचीं, व छापील पाठापासून तीं कोठें कोठें फिरतात, हें स्वरलिपि वाचतां येणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकानें पोथी पाहण्याच्या शिस्तीनें, पानामागून पान, तपासावें.