एका बाटलीने भागत नाही

मांजरी बुद्रुकला राहायला आल्यापासून प्रयोगशाळेतली 30 वर्षांची नोकरी मी विसरलो होतो. शेजारच्या काकू विसरल्या नव्हत्या. आषाढात एका सकाळी त्या दारात उभ्या. पदराखाली लोणच्याची बरणी. आत लोणचे नव्हते!

"भाऊ, सुनेला तिसरा महिना. आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूला भोवतं म्हणतात. एवढी लघवी तपासून द्या."

काकूंचा तर्क चुकीचा नव्हता. पोटात गेलेल्या आयोडीनपैकी 90 टक्क्यांहून अधिक लघवीवाटे बाहेर पडते. मोजण्याची रीतही मोठी गमतीची. सेरियमचे पिवळे द्रावण सोमलाच्या द्रावणात मिसळले की पिवळेपणा सावकाश उडतो. आयोडीनचा अंश असेल तर भराभर उडतो. किती भराभर, यावरून लिटरमागे किती मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे किती दहा लाखावे भाग, ते ठरवायचे.

मग अडले कुठे? काल मासळी खाल्ली की आकडा चढतो, दोन तांबे पाणी जास्त प्याले की उतरतो. म्हणून गावातल्या पुष्कळ शाळकरी मुलांच्या बाटल्या घेऊन त्यांतला मधला आकडा पाहतात. तो 100 ते 199 असला तर गावाचे बरे चालले आहे. गरोदर बायकांच्या गटात 150 ते 249 हवा. गाव कळते, एकटी सून कळत नाही. आणि धुतलेल्या बरणीतही मीठ किती उरले असेल, देव जाणे!

द्राक्षबागेत मोरचूद फवारणाऱ्या एकाने मला असेच विचारले होते. तांबे तर बहुतेक पित्तावाटेच जाते. तिथे लघवी फारसे बोलतच नाही.

काकूंचे तोंड उतरले. मी विचारले, "मीठ कोणतं वापरता?"

"खडे मीठ. पोत्यानं आणतो. सासूबाईंपासूनची रीत."

गलगंडाविरुद्ध सरकारची मोहीम 1962 साली निघाली, तीही मिठाच्याच वाटेने. माझ्याकडे मीठ तपासायची कुपी होती. काकूंनी घरून चिमूटभर आणले. बशीत घेऊन थेंब टाकला. आयोडीन असेल तर जांभळे व्हायला हवे. आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो.

मीठ पांढरेच राहिले.

"डॉक्टरीणबाईंनाही हे सांगा," मी म्हटले. काकूंनी बरणी उचलली, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांचा मुलगा आयोडीनच्या मिठाचे दोन पुडे घेऊन फाटकातून आत शिरताना दिसला.