हजाराचा कन्व्हर्टर की पन्नास हजारांचा? वर्गातल्या आवाजाची गोष्ट



आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी काही इंजिनिअर नाही. डी.एड. करून प्राथमिकला शिकवणारी साधी बाई आहे. वर्गासाठी एक वस्तू घ्यायची वेळ आली, तेव्हा जे शिकावं लागलं ते इथे मांडते आहे. तुमच्याही शाळेत किंवा घरात हा प्रश्न कधीतरी येणारच.

आमची शाळा डिलाईल रोडवर आहे. पाटीवर ना. म. जोशी मार्ग असलं तरी बोलण्यात अजून डिलाईल रोडच. एका बाजूला लोअर परळ स्टेशनच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची यंत्रं, आणि मधे आमचा तिसरीचा वर्ग. कविता, बालगीतं आणि श्रुतलेखन मी लॅपटॉपवरून ऐकवते. आवाज एका जुन्या अँप्लिफायरमधून यायचा आणि त्यात सतत एक 'घूंऽऽ' असायची. मागच्या बाकांवरची मुलं 'सहा'चं 'शहा' आणि 'काळ'चं 'काल' लिहायची. मी त्यांच्या वहीत लाल शेरे मारत होते. आज त्याचं वाईट वाटतं.

पालकसभेत हा विषय निघाला. पालकांनी आपणहून वर्गणी काढून २०,००० रुपये जमवले. एका दुकानात चौकशी केली, तर सल्ला मिळाला, "साडेसोळा हजारांचा यूएसबी कन्व्हर्टर घ्या, उरलेल्यात छोटा स्पीकर बसवा." मी सभेत म्हटलं की हजाराचाही कन्व्हर्टर मिळतो. त्यावर एक वडील उठून म्हणाले, "बाई, स्वस्तातलं नेहमी आमच्याच पोरांना का? समोरच्या टॉवरमधल्या शाळेत असं घेतील का?"

प्रश्न रास्त होता. "परवडत नाही म्हणून" हे त्याचं उत्तर होऊ शकत नव्हतं. हजाराचा कन्व्हर्टर खरोखर कमी दर्जाचा आहे का, हेच आधी शोधायला हवं होतं.

कन्व्हर्टर नेमकं काय करतो?

संगणकात गाणं म्हणजे फक्त आकडे. आवाज ही हवेतली लाट आहे. आपण आलेखाच्या कागदावर ठिपके देऊन वक्ररेषा काढतो ना, तसंच ध्वनिमुद्रण करताना त्या लाटेची उंची ठरावीक वेळाने मोजून लिहून ठेवतात. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहितात, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या. (आमच्या गिरणगावाला १९८२ म्हटलं की संपच आठवतो. योगायोग, दुसरं काय!)

या आकड्यांची पुन्हा विजेची लाट करून स्पीकरकडे पाठवणारा भाग म्हणजे कन्व्हर्टर. याला 'डॅक' असंही म्हणतात. तो प्रत्येक लॅपटॉपमध्ये आणि मोबाईलमध्ये असतोच. यूएसबी कन्व्हर्टर हेच काम संगणकाच्या बाहेर करतो, एवढाच फरक.

मग बाहेर कशाला? लॅपटॉपच्या आत पंखा, प्रोसेसर, चार्जिंग यांची विजेची लुडबुड चालू असते. काही लॅपटॉपांत ती आवाजात मिसळते. माऊस हलवला की कानात किरकिर येते, ती हीच.

"पायऱ्या पायऱ्यांचा आवाज" हा गैरसमज

बरेच जण सांगतात की आकड्यांतून आलेला आवाज जिन्यासारखा तुटक असतो आणि महाग कन्व्हर्टर तो गुळगुळीत करतो. तसं नाही. जवळपास प्रत्येक कन्व्हर्टरमध्ये गाळणी असते आणि तिच्यातून बाहेर येणारी लाट सलगच असते. नियम असा, की जेवढ्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज हवा, त्याच्या दुपटीपेक्षा थोड्या जास्त वेळा मोजलं की ती लाट पूर्ण परत मिळते. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही लहान वयात. चाळिशीनंतर वरचा भाग हळूहळू जातोच. ४४,१०० ही संख्या त्याच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त आहे. सेकंदाला १,९२,००० मोजण्या केल्या तर जास्तीचा जो भाग मिळतो, तो मुख्यतः कानाच्या पल्ल्याबाहेरचा असतो.

बिटांचंही तसंच. १६ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. २४ बिटांत कागदोपत्री १४४. पण आमच्या वर्गात खिडकीबाहेरचा गोंगाटच इतका, की त्यातलं निम्मंसुद्धा वापरात येत नाही.

स्वस्त आणि महाग यांत फरक कुठे असतो?

बाजारात साधारण तीन पायऱ्या दिसतात.

१. हजार-दीड हजारापर्यंत: बोटाएवढी वायर, एका टोकाला यूएसबी-सी, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक. ॲपलची अशी छोटी वायर प्रसिद्ध आहे. मोजमापात तिचा गोंगाट आणि विकृती मिळून मूळ आवाजाच्या सुमारे ९० ते १०० डेसिबल खाली भरते, म्हणजे सीडीच्या मर्यादेच्या आसपास.

२. काही हजार ते पंचवीस-तीस हजार: फिओ, टॉपिंग, ऑडिओक्वेस्टचा ड्रॅगनफ्लाय वगैरे. आवाज मोठा करण्याची ताकद जास्त, जोडण्या जास्त, मोजमाप आणखी सरस.

३. त्याच्या वर: ब्रिटनच्या कॉर्ड कंपनीचा डेव्ह तर कित्येक लाखांत जातो.

वरच्या पायरीवर पैसे कशाचे? जाड धातूची पेटी, वेगळा वीजपुरवठा, रिमोट, लांब केबलसाठीच्या व्यावसायिक जोडण्या, हमी, आणि कंपनीचं नाव. यातल्या काही गोष्टी खऱ्या उपयोगाच्या आहेत. कुणाकडे सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन असेल, तर छोट्या वायरीने तो पुरेसा मोठा वाजेलच असं नाही. घरी गाणं रेकॉर्ड करायचं असेल, तर माइक जोडता येणारा ऑडिओ इंटरफेस लागेल. ही गरज वेगळी.

पण फक्त ऐकण्याच्या स्पष्टतेचं बोलायचं, तर उलट हिशोब करून बघा. छोट्या स्पीकरची विकृती मोठ्या आवाजात टक्क्याच्या घरात सहज जाते. हजाराच्या चांगल्या कन्व्हर्टरची विकृती त्याच्या शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी असते. गळकी बादली तशीच ठेवून नळ सोन्याचा बसवायचा, असा हा प्रकार.

लोकांना फरक ऐकू येतो का?

२००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर आणलेलं, यांतलं कोणतं वाजतंय ते न बघता ओळखायचं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे छापा-काटाच. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचे निकाल एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण सुमारे ५२ टक्के निघालं. तयारीच्या श्रोत्यांचं बरंच जास्त होतं. फरक शून्य आहे असं म्हणता येणार नाही, पण तो फारच बारीक आहे. या चाचण्या कन्व्हर्टरच्या किमतीच्या नाहीत, दर्जाच्या आकड्यांच्या आहेत. म्हणून किमतीची चाचणी आम्हीच करायची ठरवली.

शाळेतली चाचणी

एका सहकाऱ्याच्या भावाने पन्नास हजारांच्या घरातला कन्व्हर्टर दोन दिवस दिला. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तीन शिक्षक आणि सभेत प्रश्न विचारणारे ते वडील बसलो. दोन्ही कन्व्हर्टर कपाटामागे, हेडफोन एकच. मावशी नाणं उडवायच्या आणि त्याप्रमाणे वायर बदलायच्या. प्रत्येकी २० वेळा.

पहिल्याच फेरीत त्या वडिलांनी २० पैकी १८ बरोबर ओळखले! "बघा बाई, महागातलं ते महागातलंच," ते म्हणाले. मीही गप्प झाले. पण मग लक्षात आलं की महाग कन्व्हर्टर जरा मोठा वाजत होता. आवाज थोडासा जरी मोठा असला, तरी कानाला तो 'चांगला' वाटतो. दुकानात हीच गंमत होते. मग एकसारखा सूर वाजवून दोन्हींचा आवाज मोबाईलवरच्या डेसिबल मीटरने सारखा केला आणि पुन्हा सगळ्यांनी वीस-वीस वेळा ऐकलं. गुण आले ९, ११, १० आणि १२. बारा त्या वडिलांचेच.

२० पैकी किती आले तर "खरंच ओळखलं" म्हणायचं? नुसत्या अंदाजाने १५ किंवा जास्त येण्याची शक्यता जेमतेम २ टक्के आहे. म्हणून १५ हा उंबरठा. आमच्यापैकी कुणीही तिथे पोचलं नाही. मावशी म्हणाल्या, "मग मी एवढा वेळ वायरी कशाला बदलत होते?" सगळे हसलो. चार जणांची चाचणी म्हणजे काही शास्त्राचा शेवटचा शब्द नाही, पण आमच्या वर्गाचा निर्णय घ्यायला ती पुरेशी होती.

मग 'घूंऽऽ' कुठून येत होती?

खरी मजा इथे आहे. कोणताही कन्व्हर्टर आणण्याआधी मी एकदा लॅपटॉपचा चार्जर काढून बघितला. घूं बंद! चार्जर आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर होते. दोघांचं अर्थिंग दोन वाटांनी जात होतं आणि आवाजाच्या वायरीने त्यांचं वर्तुळ पूर्ण होत होतं. यूएसबी कन्व्हर्टर लावला तरी हे वर्तुळ बहुतेक वेळा तसंच राहतं, तो महाग असला तरी. म्हणजे साडेसोळा हजार घालूनही घूं तशीच राहण्याची शक्यता जास्त होती! दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणले आणि ती खूपच कमी झाली. कुणी "अर्थिंगची पिनच काढून टाका" असं सुचवलं तर ऐकू नका. मुलं हात लावतात तिथे तो जिवाशी खेळ आहे.

घेण्याआधी हे तपासा

- आधी चार्जर काढून ऐका. खरखर गेली तर दोष वीजजोडणीत आहे. गेली नाही आणि माऊसबरोबर बदलते आहे, तर हजाराचा कन्व्हर्टर कामाला येईल.
- काही यूएसबी-सी वायरींत कन्व्हर्टर नसतोच, नुसत्या तारा असतात. त्या लॅपटॉपवर चालत नाहीत. पाकिटावर 'डॅक' लिहिलंय का ते बघा.
- संगणकाच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'एन्हान्समेंट' असेल तर ते बंद करा.
- मूळ फाइल चांगली घ्या. गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. त्या काळच्या टेपमध्ये जे उतरलं, तेवढंच आज मिळणार. कन्व्हर्टर नवीन काही घालत नाही.
- पैसे आधी स्पीकरवर, मग खोलीवर, शेवटी कन्व्हर्टरवर.

आमचा खर्च असा झाला: कन्व्हर्टर १,०००, दोन स्पीकर ८,५००, स्टँड आणि वायरी १,२००, घुमणारा आवाज कमी करायला जाड पडदे आणि कापडी फलक ३,५००. एकूण १४,२००. उरलेले ५,८०० पालकसभेत हिशोबासकट मांडले. ते वडील म्हणाले, "स्वस्तातलं नाही घेतलंत बाई, बरोबर घेतलंत."

आणि शेवटचं

नवीन व्यवस्थेत पुन्हा तेच श्रुतलेखन घेतलं. स-श, ल-ळ च्या चुका एकदम कमी झाल्या. म्हणजे मुलांचं मराठी कच्चं नव्हतं, त्यांना ऐकूच येत नव्हतं. 'स', 'श' यांची ओळख वरच्या कंपनसंख्यांत असते आणि खरखरीत, घुमणाऱ्या खोलीत पहिलं नुकसान त्यांचंच होतं.

एका मुलीच्या चुका मात्र तशाच राहिल्या. पुढच्या बाकावर बसवलं तरी तशाच. तिच्या आईला बोलावून कान तपासून घ्यायला सांगितलं. डॉक्टरांना पडद्यामागे पाणी साचलेलं आढळलं. उपचार चालू आहेत आणि आता ती हळूहळू बरोबर लिहू लागली आहे. तिचे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात होते. यंत्रांच्या खडखडाटात उमेद घालवलेल्या त्या पिढीतले कित्येक जण आज मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकत नाहीत. आजोबा मला म्हणाले, "बाई, माझे कान गिरणीनं नेले. हिचे वेळेत सापडले."

आवाज स्वच्छ झाला नसता, तर तिच्या चुका बाकीच्यांच्या चुकांत लपूनच राहिल्या असत्या. म्हणून सांगते, वस्तूची किंमत बघण्याआधी शेवटच्या बाकावर जाऊन एकदा स्वतः बसा. आणि ऐका.

मुलांसाठी उपक्रम (चौथीपासून पुढे): एकच गाणं दोन मोबाईलवर सारख्या आवाजात वाजवा. डोळे मिटलेल्या मुलाने कोणता मोबाईल ते ओळखायचं. नाणं उडवून क्रम ठरवा, २० प्रयत्नांचा तक्ता करा. विज्ञान, गणित आणि जाहिरातीकडे बघायची नजर, तिन्ही एकाच तासात शिकवून होतात.