तीन मिलिमीटरचं भोक आणि ध्वनीचा वेग

कल्याण-बदलापूर रस्त्यानं कुळगावकडे निघालेली एखादी पेट्रोल गाडी अंबरनाथच्या गर्दीत थांबली की थरथरू लागते. रस्ता मोकळा मिळाला की सुतासारखी सरळ पळते. मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच म्हणतो, ‘कुठून तरी हवा घेतेय.’

हा आजार उभ्या गाडीलाच का जडतो, ते पाहण्यासारखं आहे. आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, हवेची वाट अडवणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन मात्र ओढतच असतात. त्यामुळे बाहेर १०० किलोपास्कल दाब असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) तो ३० ते ४०वर येतो. आतला दाब बाहेरच्याच्या साधारण ५३ टक्क्यांखाली गेला, की फटीतून घुसणारी हवा चक्क ध्वनीचा वेग गाठते. बॉनेटखालची ती बारीक फुसफुस याच हवेची. १२०० सीसीचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर जेमतेम दीडशे लिटर हवा घेतं. ३ मिलिमीटरच्या भोकातून त्यातली पन्नासेक लिटर आगंतुक येऊ शकते. पूर्ण रेस दिली, की इंजिनाची गरज दोन हजार लिटरच्या आसपास जाते आणि झडप उघडल्यामुळे आतली ओढही संपते. मग भोक असून नसल्यासारखं.

पेट्रोलला वजनानं सुमारे १४.७ पट हवा लागते. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून आलेली हवा हा हिशेब बिघडवते, इंजिन मिसिंग करतं आणि स्कॅनरवर बहुधा पी०१७१ हा, मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड येतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाड्यांत लक्षण वेगळं: मिश्रण फारसं बिघडत नाही, पण आयडल चढून बसतो. आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्या या दुसऱ्या जातीच्या, म्हणून कोड नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नये.

शोध घ्यायचा तो रबरापासून. पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप (तो फाटला तर ब्रेकचं पेडलही कडक होतं), इंजेक्टरच्या ओ-रिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग. ऑइलचं झाकण सैल असलं, तरी काही गाड्या लगेच कुरकुरतात. २००५, २०१९ आणि २०२१च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं होतं. अशा पाण्यानंतर एअर फिल्टरचा डबा उघडून साफ केलेला असेल, तर त्याच्या क्लिपाही तपासाव्यात. तिथल्या फटीतून न गाळलेली धूळ सिलिंडरपर्यंत जाते.

तापल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची रीत गॅरेजांत आहे. पण तो ज्वालाग्राही असतो आणि एक ठिणगी पुरते. स्मोक मशीन उत्तम: बंद इंजिनात हलक्या दाबानं धूर सोडायचा आणि तो कुठून डोकावतो ते बघायचं.

फाटलेल्या पाइपला टेप गुंडाळणं फार तर घरी पोहोचण्यापुरतं ठीक. पाइप नवा घालावा, तोही व्हॅक्यूम सोसणारा. साधा मऊ पाइप ओढीनं चपटा होतो. पॅकिंग बदललं, तर मॅनिफोल्डचे बोल्ट मधून कडेला, टप्प्याटप्प्यानं आणि टॉर्क रेंचनंच आवळावेत, विशेषतः मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा असेल तर.