आधी सामान, मग शोभा

भोर-वेल्ह्यात मोटारसायकल दूध, खत, किराणा असे सगळे वाहते. म्हणून हाताशी थोडेच पैसे असतील तर ते आधी सामानाच्या सोयीवर खर्चावेत. दोन्ही बाजूंच्या कॅनव्हास पिशव्या वजन खाली ठेवतात. तेच ओझे मागे कॅरिअरवर उंच रचले, तर वरंध घाटाच्या चढावर पुढचे चाक हलके पडते. कॅनव्हास भिजतो, हे खरे. पण आत जाड प्लास्टिकची पिशवी घातली की भागते. पिशवी सायलेन्सरला टेकू नये, एवढे मात्र बघावेच. आणि दिसण्याचे काय? गंजावर स्टिकर लावला तर मावळातल्या पावसाचे पाणी त्याखाली अडकते, पत्रा आतून सडतो. त्यापेक्षा पॉलिश पेपरने गंज घासावा, रेड ऑक्साइड लावावे आणि ते वाळल्यावर स्प्रेने रंग मारावा. कर्कश सायलेन्सर बसवणे ही सजावट नव्हे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे फेरफार रोखते.